चौघांचा बाक

नव्या पाळकांनी मला चर्चच्या दारातच विचारलं, "हे बाक असे कुणी कापले हो? एका टोकाला टेकायला हात आहे आणि दुसरं टोक बोडकं."

मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा उद्या होता. मी आदल्या दुपारीच कर्जतला उतरले होते आणि स्टेशनापासून पाय आपोआप रेल्वे कॉलनीच्या मागच्या या कौलारू चर्चकडे वळले होते. आत भिंतीला लोखंडी घडीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. त्यांना ताज्या रंगाचा वास. बाक एका कोपऱ्यात एकावर एक चढवलेले, सरपणासारखे. एक तेवढा अजून जमिनीवर उभा होता, खिडकीखाली.

मी त्या बाकाशी ओणवी झाले आणि बोडक्या टोकाच्या पायाला नाक लावलं.

डांबर. इतक्या वर्षांनीही डांबर.

पाळक माझ्याकडे बघत राहिले. तरुण माणूस, नुकताच आलेला. त्यांना वाटलं असेल, ही बाई प्रार्थना करते आहे. एका अर्थी खरंच होतं ते.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. दादा, म्हणजे माझे वडील, पॉइंटमन. रूळ बदलायचं त्यांचं काम, आणि ड्यूटी सुटली की युनियनचं. लाल शाईची पत्रकं त्यांच्या पिशवीतून घरी यायची. निळसर कागदाची पत्रकं यायची मार्थाबाईंच्या पिशवीतून. त्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवायचं, आजारी माणसाजवळ बसायचं, प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. मी अक्षरं शिकले ती या दोन गठ्ठ्यांवर. लाल पत्रकात लिहिलेलं असायचं, उठा. निळ्या पत्रकातही असायचं, उठा. दोन्ही उठण्यांत फरक आहे असं मला पुढे पुष्कळांनी सांगितलं. मला तो अजून पटलेला नाही.

आईनं फडताळाला दोन्ही पत्रकं अंथरली होती. मिठाची बरणी उचलली की खालून एखादी ओळ डोकवायची. उन्हाळ्यात ठाकूरवाडीच्या बाया करवंदं घेऊन स्टेशनावर उतरायच्या. पानांचे द्रोण संपले की आमच्या दारात येऊन म्हणायच्या, "कागूद दे गं." मी मूठभर पत्रकं द्यायची. करवंदं संपल्यावर फलाटावरची माणसं तो जांभळ्या डागांचा कागद उलगडून वाचायची. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून लिहिण्यावरचा माझा विश्वास कधी उडाला नाही.

मार्थाबाई नगरकडच्या. ठेंगण्या, विधवा, हातात काळी छत्री, पायांत कॅनव्हासचे बूट. मंडळीचा तरुण संघ कागदावर तेव्हाच्या पाळकसाहेबांचा, चालवायच्या मार्थाबाई. घाट चढताना गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाला कर्जतमध्ये बँकर म्हणतात. पोरं मागे त्यांना बँकरच म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. तालमीला उशीर झाला की दारात उभ्या राहून स्वतःच म्हणायच्या, "चला रं, बँकर लागलंय मागे."

शनिवारी संध्याकाळी तालीम. आधी फरशी धुवायची, मग गायचं. पावसाळ्यात ढोलकी सर्द व्हायची, तर ती शेगडीवर धरून शेकायची, आणि त्या शेकलेल्या कातड्याचा वास, ओल्या फरशीचा वास, आढ्यातल्या वटवाघळांचा वास, सगळं मिळून आमची शनिवारची संध्याकाळ. थंडीत एसटीनं कशेळ्याच्या बाजाराला जायचो. सुकट विकणाऱ्यांच्या रांगेशेजारी उभं राहून गायचं. लोक ऐकायचे, हसायचे, कुणी म्हणायचं, "आवाज बरा हाय पोरांचा, पन ऱ्हातात कुटं ही?" कधी कोंडाण्याच्या बौद्ध लेण्यांपर्यंत चालत जायचो. लेण्यात एक सूर सोडला की तो थोडा थांबून, मोठा होऊन परत यायचा. मार्थाबाई तिथं बोट ओठांवर ठेवायच्या. "हळू रं. दुसऱ्याच्या घरी पाहुणे आलोय आपण."

आणि आमच्या चर्चची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये मला सापडली नाही. उपासना चालू असताना घाटाकडे जाणारी गाडी सुटायची. बँकरची शिट्टी व्हायची, मग पुढच्या इंजिनाची, मग कौलं थरथरायची. त्या वेळी पाळकसाहेब जिथं असतील तिथं थांबायचे. प्रार्थनेच्या मधोमध, कधी एका शब्दाच्या मधोमध. गाडी गेली की पुढचा शब्द. लहानपणी मला वाटायचं, देवही तेवढा वेळ थांबत असेल.

मग संपाचा तो उन्हाळा आला.

संप का झाला, कुणी मोडला, कुणी किती ताणला, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवते ती शांतता. बँकरची शिट्टी बंद. फलाटावर तेलाचा, वड्याचा वास नाही. रूळ तांबूस व्हायला लागले आणि त्यांच्यामधल्या गवतात कॉलनीच्या शेळ्या बिनधास्त फिरायला लागल्या. करवंदांच्या बायांना गिऱ्हाईक उरलं नाही, त्या पाट्या घेऊन कॉलनीत आल्या. त्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांच्या जिभा जांभळ्या होत्या.

दादा घरी झोपायला येईनासे झाले. घाटातल्या कुठल्याशा वाडीत आहेत, एवढंच आईला माहीत. आमच्या पलीकडच्या चाळीत शमू राहायचा, माझ्याच वयाचा, संघातला सगळ्यात चांगला आवाज. त्याचे वडील कामावर गेले. पोलीस त्यांना सिग्नलच्या कॅबिनपर्यंत पोचवायचे आणि परत आणायचे. शमूच्या दारावर कुणीतरी कोळशानं लिहिलं, फितुर. नळावर बायकांच्या दोन रांगा झाल्या. एका रांगेतली बाई दुसऱ्या रांगेतल्या बाईची कळशी उचलून देईना. उपासनेला सगळे यायचे, पण मधली वाट सोडून दोन बाजूंना बसायचे, आणि पाळकसाहेब सवयीनं प्रार्थनेत थांबायचे तेव्हा कुठलीच गाडी जायची नाही. ती थांबलेली जागा ऐकवायची नाही.

स्टेशनच्या भिंतीवर हुकूम चिकटला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. जिल्हा कुलाबा, पाच किंवा अधिक इसमांनी एकत्र जमू नये. रविवार सकाळच्या उपासनेला पोलिसांनी हरकत घेतली नाही. तरुण संघाचं नाव काढताच मात्र पंचमंडळी घाबरली. तरुण पोरं, त्यात निम्मी संपवाल्यांची, संध्याकाळी दार लावून जमतात, हे कसं दिसेल? पंचांच्या बैठकीत ठरलं, संघ बंद. केव्हापर्यंत? वातावरण निवळेपर्यंत.

मार्थाबाई बैठकीला नव्हत्या. बायकांना पंच करत नसत. त्यांनी पाळकसाहेबांना अंगणातच गाठलं. मी कुंपणाशी होते.

"पाळकसाहेब, संघ बंद केलात म्हणे."

"बाई, माझा नाइलाज आहे. उद्या काही झालं तर चारचौघांत मंडळीचं नाव जाईल."

"आणि पोरं गेली तर?"

"कुठं जातील? आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"बंद केलेल्या दाराला गंज लागतो, पाळकसाहेब. मग ते उघडायला माणूस लागत नाही, पहार लागते."

त्यांचं खरं होतं, आणि हे कॉलनीत राहणारं कुणीही सांगू शकलं असतं. आम्ही पोरं एकत्र बसू अशी ती एकच जागा उरली होती. शाळेला सुट्टी. मैदान दोघांत वाटलेलं. आमच्या चाळीतली मुलं रुळांवरची खडी खिशात घालून हिंडू लागली होती. एकदा संघ मोडला असता तर ती खडी कुणाच्या खिडकीवर गेली असती हे मला माहीत होतं, आणि फेकणाऱ्यांची नावंही.

मार्थाबाई अंगणातून निघाल्या त्या थेट स्टेशनच्या पोलीस चौकीकडे. मी मागोमाग. वाटेत स्वतःशीच पुटपुटत होत्या, "चारचौघांत. चारचौघांत." मग एकदम थांबून माझ्याकडे वळल्या. "पोरी, हुकूम पाचांना आहे ना?"

"हो."

"मग चारचौघांत गायला कुणाची बंदी?"

चौकीत हवालदार गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळून बसले होते, मागे तीन शिपाई.

"साहेब, एक विचारायचं होतं."

"बाई, तुम्ही सकाळी पण विचारलंत."

"सकाळी उपासनेचं विचारलं. हे संघाचं. पोरं गातात फक्त."

"पाच किंवा जास्त एका जागी नकोत. बाहेर चिकटवलंय."

"वाचलं. पण एका जागी म्हणजे कसं? एका गावात?"

"गावात कसं होईल, बाई?"

"मग एका छपराखाली? आत्ता तुमच्या छपराखाली आपण सहाजण आहोत."

मागचा एक शिपाई हसला. हवालदारांनी त्याच्याकडे बघितलं, मग छताकडे, मग मार्थाबाईंकडे. त्यांना फक्त ही बाई जायला हवी होती.

"एका जागी म्हणजे एका बाकावर, समजा. एका बाकावर पाच दिसले तर उचलीन. झालं?"

"चार चालतील?"

"चार चालतील हो, माझे आई."

"सलाम, साहेब."

बाहेर येऊन त्यांनी छत्री उघडली. "ऐकलंस? साक्षीला तू आहेस."

"पण बाई, आपले बाक आठ जणांचे आहेत."

"आहेत," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब खालापूरला एका मयताला गेले. मार्थाबाईंनी कोंडाण्याहून गोमा सुताराला बोलावून घेतलं होतं. चर्चच्या मागच्या आंब्याखाली आम्ही बाक काढले. जुनं सागवान, मिशनच्या काळातलं, इतकं जड की उचलताना नाइलाजानं दोन्ही बाजूंची पोरं एकत्र लागली. गोमानं दोघांनी ओढायची लांब करवत आणली होती.

"दोन टोकांना दोन मानसं पायजेत," तो म्हणाला.

मार्थाबाईंनी छत्रीचं टोक आधी माझ्याकडे केलं, मग शमूकडे.

"मी त्याच्याबरोबर नाही ओढणार," मी म्हणाले.

"मला तरी कुठं हौस आलीय," शमू म्हणाला.

"भांडान मागून करा," गोमा म्हणाला. "करवतीला ठावं नाय कुनाचा बाप कामाव हाय."

आम्ही ओढायला लागलो. म्हणजे मी ढकलत होते, तोही ढकलत होता, आणि करवत मधेच वाकून अडकत होती. गोमानं कपाळाला हात लावला. "ढकलतीस कशाला गं? वढ नुसती. त्यो वढंल तवा तू सोड. तू वढशील तवा त्यो सोडंल. येवढंच हाय त्यात."

सोडणं मला येत नव्हतं. आमच्या घरात ते शिकवलं नव्हतं. पण करवत ऐकेना, आणि हळूहळू हाताला ते कळायला लागलं. ओढ, सोड. ओढ, सोड. आतून मधाच्या रंगाचा भुसा सांडायला लागला. बाहेरून काळं पडलेलं ते लाकूड आत अजून ताजं होतं, आणि त्याला वास होता, थोडासा चामड्याचा, थोडासा पावसाचा.

"दारावरचं आईनं तीनदा पुसलं," शमू करवतीपलीकडून म्हणाला. "जात नाही."

ओढ, सोड.

"निदान त्यातला 'तू' तरी दीर्घ लिहायचा," तो म्हणाला. "चुकीचं लिहिलंय ते. पोस्टमन पण हसला."

मला हसू फुटलं. करवत अडकली. गोमा ओरडला. शमू लाल चेहऱ्यानं हसत होता, डोळ्यांत पाणी होतं, भुशाचं असेल. त्यानंतर त्या बाकाचं उरलेलं लाकूड आम्ही न बोलता कापलं, आणि काप सरळ गेला. बाकीच्या पोरांनी पाळीपाळीनं दुसरे कापले. प्रत्येक जोडी मार्थाबाईंनी लावली, एक या चाळीतलं, एक त्या चाळीतलं. कुणी कुरकुर केली की छत्री वर व्हायची.

कापलेल्या टोकाला पाय हवेत. गोमानं भंगारात निघालेल्या, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे आणले होते, डांबर प्यायलेले, काळेकुट्ट. मिशनच्या सागवानाला रेल्वेचे पाय लागले. संध्याकाळी पाळकसाहेब खालापूरच्या एसटीतून उतरून आले आणि आंब्याखाली थबकले.

"बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"कायदा पाळला."

"पंचांना मी काय सांगू?"

"सांगा, पोरं चारचौघांत गाणार आहेत."

त्यांनी हात लावून एका बाकाचं बोडकं टोक बघितलं आणि घरी गेले. शनिवारी संध्याकाळी दाराला कुलूप असेल की नसेल, हे आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नव्हतं.

कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

मार्थाबाईंचा नियम एकच. एका बाकावर चौघं. दोन संपाच्या घरातली, दोन कामावरच्या घरातली. बाकांमध्ये हातभर अंतर. पहिले तीन बाक भरले. चौथ्या बाकावर आम्ही तिघं, मी, शमू आणि त्याची धाकटी बहीण. डांबर उन्हानं पाझरलं होतं, माझ्या परकराला त्याचा डाग लागला. तो कधी गेला नाही आणि मी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही.

गाणं सुरू होण्याआधीच हवालदार आले. आत आले, टोपी तशीच ठेवून. बाकांमधून चालत गेले आणि काठीचं टोक एकेका बाकाला लावत म्हणाले, "चार. चार. चार. तीन." मग वळले. "हे बाक आखूड आहेत."

"मंडळी लहान आहे आमची," मार्थाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पाळकसाहेब दारात दिसले. अंगात पांढरा झगा नव्हता, साधा सदरा. त्यांनी हवालदारांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर संघ तिथंच संपला असता. आम्ही उठून दोन बाजूंनी दोन चाळींकडे गेलो असतो, खडी खिशात घालून.

"पाळकसाहेब," मार्थाबाई म्हणाल्या, "तिथं चौथ्याची जागा रिकामी आहे."

ते आमच्या बाकापर्यंत आले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शमू आणि बहीण. "मी कुठल्या बाजूचा धरायचा, बाई?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की ते आम्हा तिघांनाच ऐकू आलं असावं.

पण मार्थाबाईंचे कान बँकरवर तयार झालेले. "बसा, म्हणजे कळेल."

ते मध्ये बसले. बसूनच त्यांनी प्रार्थना सुरू केली. कॉलनीसाठी, घाटात असलेल्यांसाठी, कॅबिनमध्ये असलेल्यांसाठी, एकाच वाक्यात दोघांसाठी. आणि त्या वाक्याच्या मधोमध, सवयीनं, ते थांबले. ती संध्याकाळच्या गाडीची वेळ होती. गाडी नव्हती. कौलं हलली नाहीत. हवालदारांनी टोपी काढून काखेत धरलेली मला दिसली. ती रिकामी जागा पसरत गेली, कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग शमूनं त्या जागेत सूर लावला. प्रार्थना संपायची वाट न बघता. मी दुसऱ्या ओळीला त्याच्यात गेले, मग सगळे बाक. झांजा आल्या, ढोलकी आली. आम्ही गात होतो ते काही गोड गाणं नव्हतं त्या दिवशी. आम्ही ओरडत होतो सुरात. दार उघडं होतं, आवाज नळापर्यंत गेला. तिथल्या दोन्ही रांगा वळून बघत होत्या असं आई नंतर सांगायची.

जाताना हवालदार मार्थाबाईंपाशी थांबले. "बाई, बाकाचं मी आपलं गमतीनं म्हटलं होतं."

"आम्हीही गमतीनंच कापले," त्या म्हणाल्या.

संघ बंद झाला नाही. पंचांनी त्यावर पुन्हा बैठक घेतली असेल, मला माहीत नाही. त्यानंतरच्या शनिवारीही चार बाक भरले. खडी खिशातच राहिली, मग रुळांवर परत गेली.

पुढे एके सकाळी बँकरची शिट्टी झाली आणि सगळी कॉलनी अंथरुणातून उठून बाहेर आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादा परतले, त्यांची नोकरी परतली नाही. क्वार्टर सोडायच्या आधी ते एकदा चर्चमध्ये आले, आमच्या बाकावर बसले, खाली वाकून त्याचे डांबरी पाय हुंगले आणि म्हणाले, "संपात रेल्वेची एक काडी हलली नाही म्हणत होतो आम्ही. ही कशी हलली गं?" त्या उन्हाळ्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. आम्ही खोपोलीला गेलो. शमूच्या वडिलांची बदली दौंडला झाली. मार्थाबाई कर्जतमध्येच वारल्या. त्यांची शवपेटी वाहायला संघातले चौघं होते, दोन इकडचे, दोन तिकडचे. ते कुणी ठरवलं नव्हतं.

मी तेव्हापासून पत्रकं लिहिते. मधे काही दिवस असे आले की चौघांनीही बोलू नये असं वाटायचं. त्या दिवसांत मोठी मोठी माणसं गप्प झाली. मी कुणाचा धीर आठवला नाही. तो जुना परकर बाहेर काढून त्यावरचा डाग बघायची, एवढंच.

हे सगळं मी नव्या पाळकांना सांगितलं, एवढं नाही, पण बरंचसं. ते ऐकत होते. भला माणूस आहे.

"मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "पण कमिटीनं ठरवलंय. खुर्च्या आल्यात. बाक नेणारा आत्ता येईल. नाहीतरी फार आखूड आहेत हो. धड कुटुंब बसत नाही."

"खुर्चीवर किती बसतात?"

"खुर्चीवर एकच की."

"मग तो हुकूम बरा होता," मी म्हणाले. "त्यानं चौघांना तरी बसू दिलं होतं."

ते ओशाळं हसले आणि खिडकीखालच्या बाकाचं हाताचं टोक धरून थोडं उचललं. "निदान हा दारापर्यंत नेऊ या. तुम्ही तिकडून धरता का?"

मी धरलं नाही. मी बोडक्या टोकावर बसले.

बाहेरून शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या शाळेच्या, मुली झाडू आणि बादली घेऊन आल्या, उद्याच्यासाठी फरशी धुवायला. पाहुणी बाई बसलेली बघून त्याही बसल्या, एक, दोन, तीन, बादली मधे ठेवून. पाळकांच्या हातातलं टोक जड होऊन खाली आलं, तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.

"उठा गं, बाक हलवायचाय."

"थांबा ना," एक म्हणाली, "आत्ताच तर बसलो."

चौथी मुलगी उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं.

"मावशी, सरका ना जरा. मी पाचवी."

मी सरकले. अर्धी बाकावर, अर्धी हवेत. ती घुसून बसली. बाक कुरकुरला. स्लीपरचे पाय जागचे हलले नाहीत.

"सोडा, पाळकसाहेब," मी म्हणाले.

त्यांनी टोक सोडलं.